'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) इतिहासासोबत कसा पाहावा

वॉर्नर ब्रदर्सने १९३६ साली काढलेला आणि मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केलेला 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' सुरू होतानाच पडद्यावर एक खुलासा येतो. चित्रपटाला इतिहासाचा आधार आहे, परंतु कथा, प्रसंग आणि बरीचशी पात्रे काल्पनिक आहेत, असे त्यात सांगितलेले असते. बहुतेक प्रेक्षक हा खुलासा वाचतात आणि विसरतात. पुढची सुमारे एकशेपंधरा मिनिटे एरल फ्लिनचा रुबाब, ऑलिव्हिया डी हॅविलंडचे डोळे आणि शेवटचा घोडदळाचा हल्ला इतके जोरकस असतात की, कोणती गोष्ट घडलेली आणि कोणती रचलेली, हे विचारायला उसंत मिळत नाही. ज्यांना हा चित्रपट मनापासून पाहायचा आहे आणि त्याच्या पाठीमागचा इतिहासही समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे.

मराठी वाचकाला या चित्रपटाची दखल घ्यायला एक खास कारण आहे. क्रिमियातील रणांगणाची गोष्ट सांगणाऱ्या या चित्रपटाचा मोठा भाग हिंदुस्थानात घडतो, आणि त्यातील खलनायकाच्या गोष्टीत बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांच्या कहाणीचे ठसठशीत धागे दिसतात. त्याकडे आपण पुढे सविस्तर वळू.

आधी हुकूम वाचावा, मग चित्रपट लावावा

ऐतिहासिक चित्रपटाआधी जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नसते. ज्या एका घटनेवर चित्रपट उभा आहे, ती घटना अर्ध्या तासात समजेल एवढी तयारी पुरते. येथे ती घटना म्हणजे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे झालेली लढाई, आणि त्या लढाईतील चार वाक्यांचा एक हुकूम.

ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्या फौजा त्या वेळी रशियाच्या सेव्हास्तोपोल बंदराला वेढा घालून बसल्या होत्या. बालाक्लाव्हा हे ब्रिटिशांच्या रसदीचे बंदर होते. पंचवीस तारखेच्या सकाळी रशियनांनी तुर्की सैनिकांच्या ताब्यातील मातीचे मोर्चे जिंकले आणि तेथील ब्रिटिश तोफा त्यांच्या हाती लागल्या. सरसेनापती लॉर्ड रॅगलन उंच कड्यावरून हे पाहत होते. शत्रू त्या तोफा ओढून नेण्याच्या बेतात आहे, असे त्यांना वाटले. त्यांच्या वतीने जनरल एअरी यांनी पेन्सिलीने हुकूम लिहिला. त्याचा आशय असा होता: घोडदळाने वेगाने पुढे सरकावे, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत, सोबत घोड्यांच्या तोफखान्याची तुकडी जाऊ शकते, फ्रेंच घोडदळ तुमच्या डावीकडे आहे, तात्काळ. हा कागद आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये जपून ठेवलेला आहे.

हुकूम घेऊन कॅप्टन लुई नोलन कडा उतरून घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन यांच्याकडे आले. 'कोणत्या तोफा?' असा प्रश्न लुकन यांना पडला, कारण दरीत उभे असताना त्यांना टेकडीवरच्या तोफा दिसतच नव्हत्या. नोलन यांनी हात उडवून जी दिशा दाखवली, ती लुकन यांना दरीच्या टोकाची वाटली, आणि तेथे रशियनांचा सज्ज तोफखाना उभा होता. लुकन यांनी हलक्या घोडदळाचे, म्हणजेच 'लाइट ब्रिगेड'चे, प्रमुख लॉर्ड कार्डिगन यांना पुढे जाण्यास सांगितले. लुकन हे कार्डिगन यांच्या बहिणीचे यजमान. या दोघा मेहुण्यांचे एकमेकांशी इतके वाकडे होते की, शांतपणे बसून चार प्रश्न विचारण्याची शक्यताच नव्हती. सुमारे ६७० स्वार दरीत उतरले. समोर तोफा, डावीकडच्या टेकड्यांवर तोफा, उजवीकडेही शत्रू. वीस मिनिटांच्या आसपास सगळे आटोपले. सुमारे ११० जण ठार झाले, दीडशेहून अधिक जखमी झाले आणि काही शत्रूच्या हाती सापडले. घोड्यांची हानी माणसांपेक्षाही मोठी होती. सर्वांत आधी पडलेल्यांत नोलन होते, त्यामुळे त्यांनी नेमके काय दाखवले होते, हे त्यांच्या तोंडून पुन्हा कोणालाही ऐकता आले नाही.

हे सारे वाचून डोळ्यांसमोर नीट येत नाही, म्हणून एक छोटा प्रयोग करून पाहावा. जेवणाच्या टेबलावर मधोमध चार-पाच जाड पुस्तके एका ओळीत आडवी ठेवावीत. या झाल्या कॉजवे टेकड्या. त्यांना समांतर, थोडे अंतर सोडून, पुस्तकांची दुसरी ओळ लावावी. या उत्तरेच्या फेदुखिन टेकड्या. दोन ओळींमधील मोकळी पट्टी म्हणजे उत्तरेची दरी. या पट्टीच्या पलीकडच्या टोकाला दोन-तीन काडेपेट्या ठेवाव्यात, तो रशियन तोफखाना. मधल्या पुस्तकांच्या पाठीवर, पलीकडच्या टोकाच्या बाजूला, चार काड्या आडव्या ठेवाव्यात. या हस्तगत झालेल्या ब्रिटिश तोफा. आता टेबलाच्या अलीकडच्या टोकाला उभे राहून पाहिले, तर काड्या आणि काडेपेट्या दोन्ही स्वच्छ दिसतात. ही रॅगलन यांची नजर. मग खाली बसून हनुवटी टेबलाला टेकवावी आणि पट्टीतून सरळ पाहावे. काड्या नाहीशा होतात आणि दिसतात फक्त काडेपेट्या. लुकन यांना एवढेच दिसत होते. हुकुमातील 'पुढे' आणि 'तोफा' हे शब्द कड्यावरून स्पष्ट होते, पण दरीत पोहोचेपर्यंत त्यांचा अर्थ बदलला होता. घरात शाळकरी मुले असतील, तर हा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्यावा. लढाईचा नकाशा त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

पहिल्यांदा पाहताना वही बाजूला ठेवावी

पहिल्या खेपेला चित्रपट मध्ये न थांबवता, सलग आणि शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा. जे चित्रपटप्रेमी पहिल्या दहा मिनिटांतच चुका मोजायला बसतात, त्यांना चित्रपट दिसत नाही आणि इतिहासही हाती लागत नाही. कर्टिझ यांची गती, सॉल पोलिटो यांचे छायाचित्रण आणि मॅक्स स्टायनर यांचे संगीत यांचा परिणाम आधी स्वतःवर होऊ द्यावा, कारण नंतर आपल्याला त्याच परिणामाची तपासणी करायची आहे. चित्रपट मूळ कृष्णधवल आहे. रंग चढवलेली प्रत समोर आली, तर ती बाजूला ठेवून कृष्णधवल प्रत शोधावी. पोलिटो यांनी धूळ, धूर आणि सावल्या यांची जी मांडणी केली आहे, ती रंगांत विस्कटून जाते.

कथानक थोडक्यात असे आहे. मेजर जेफ्री व्हिकर्स हा सत्ताविसाव्या लान्सर्स या भालाईत पलटणीचा अधिकारी. त्याची वाग्दत्त वधू एल्सा त्याचा धाकटा भाऊ पेरी याच्या प्रेमात पडलेली आहे. सरहद्दीवरच्या सूरिस्तान या संस्थानाचा अमीर सूरत खान याचा जीव व्हिकर्स शिकारीत वाचवतो. ब्रिटिश सरकारने सूरत खानाच्या वडिलांना मिळणारा तनखा बंद केलेला असल्यामुळे खान सूडाने पेटलेला असतो, आणि रशियाचा दूत त्याला फितवत असतो. खान चुकोटीच्या ठाण्याला वेढा घालतो, शरण आल्यास सुखरूप जाऊ देण्याचे वचन देतो, आणि माणसे नदीकाठी नावांत चढत असताना बायकामुलांसह सर्वांची कत्तल करवतो. उपकाराची फेड म्हणून व्हिकर्स आणि एल्सा यांना मात्र तो सोडून देतो. पुढे खान रशियनांना जाऊन मिळतो आणि क्रिमियात येतो. तेथे व्हिकर्स वरिष्ठांचा हुकूम बदलून हल्ल्याचा हुकूम तयार करतो, भावाला कबुलीपत्र देऊन रणांगणापासून दूर पाठवतो आणि स्वतः दरीत उतरतो. खान मारला जातो आणि व्हिकर्सही पडतो. ते कबुलीपत्र वाचून वरिष्ठ अधिकारी मॅसफील्ड आगीत टाकतात.

सत्ताविसावे लान्सर्स, सूरिस्तान, सूरत खान, चुकोटी आणि व्हिकर्स बंधू ही सारी निर्मिती पटकथाकारांची आहे. प्रत्यक्ष बालाक्लाव्हाला हलक्या घोडदळात पाच पलटणी होत्या: चौथे व तेरावे लाइट ड्रॅगून्स, आठवे व अकरावे हुसार्स आणि सतरावे लान्सर्स. भालाईत पलटण एवढी एकच होती, आणि चित्रपटातली पलटण तिच्याच आधारे उभी केलेली दिसते.

दुसऱ्या खेपेला एकच प्रश्न घेऊन बसावे

आता वही उघडावी, पण चुकांची यादी करू नये. गणवेशाचे बटण चुकीचे आहे किंवा अमुक बंदूक त्या काळी नव्हती, असल्या शोधांतून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या बदलापुढे एकच प्रश्न लिहावा: इतिहासात जे कारण नव्हते, ते चित्रपटाने कोठे पुरवले आहे? ऐतिहासिक चित्रपट पाहण्याची खरी किल्ली हीच आहे, असे माझे मत आहे. घटना बदलणे हे तुलनेने लहान काम असते. घटनेमागचे कारण बदलले की तीच घटना वेगळी गोष्ट सांगू लागते.

बालाक्लाव्हाच्या हल्ल्यामागे उदात्त असे काहीही नव्हते. घाईत लिहिलेला संदिग्ध हुकूम, दरीतून न दिसणाऱ्या तोफा, एकमेकांशी न बोलणारे मेहुणे आणि उतावीळ निरोप्या, एवढीच सामग्री होती. टेनिसन यांनी डिसेंबर १८५४ मध्ये लिहून प्रसिद्ध केलेल्या प्रसिद्ध कवितेत सैनिकांचे शौर्य गायले आहे, पण कोणाची तरी घोडचूक झाली आणि हे सैनिकांना ठाऊक होते, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. चित्रपटाच्या हल्ल्यात याच कवितेच्या ओळी पडद्यावर उमटतात, आणि गंमत अशी की, चित्रपटाच्या कथेत घोडचूकच उरलेली नाही. व्हिकर्स हुकूम चुकून वाचत नाही. तो जाणूनबुजून बदलतो. कवितेतील सैनिक का मरायचे हे न विचारता मरतात. चित्रपटातील सैनिकांना हल्ल्याआधी सांगितले जाते की, आपले लक्ष्य सूरत खान आहे. कविता तीच राहते आणि तिच्या खालचा अर्थ बदलतो. हा उतारा पाहताना चित्रपट थांबवावा, कवितेचा दुसरा चरण शोधून वाचावा, आणि मग पुन्हा सुरू करावा. चित्रपटाची करामत तेवढ्यात कळते.

असे का करावे लागले, याचे उत्तर व्यवसायात आहे. १९३५ साली हिंदुस्थानच्या सरहद्दीवरच्या ब्रिटिश भालाईतांवर पॅरामाउंटने काढलेल्या चित्रपटाला मोठे यश मिळाले होते, आणि त्याच वर्षी फ्लिन व डी हॅविलंड ही जोडीही 'कॅप्टन ब्लड' मधून लोकप्रिय झाली होती. सरहद्द, पगडीधारी खलनायक आणि ही जोडी, असा बेत ठरल्यावर क्रिमिया शेवटच्या प्रवेशापुरता उरला. शिवाय लॉर्ड घराण्यातील दोन अधिकाऱ्यांच्या भांडणापायी शंभरावर माणसे मेली, हे ब्रिटिश प्रेक्षकांच्या पैशावर डोळा ठेवून काढलेल्या चित्रपटात कोण दाखवणार? नायक चुकला असे दाखवता येत नाही; तो त्यागी होता असे दाखवले की सर्व बाजूंनी सोयीचे होते.

सूरत खानाच्या मागे कोण उभे आहे

आता हिंदुस्थानच्या भागाकडे येऊ. मराठी वाचकाने सर्वाधिक वेळ येथे घालवावा.

दुसऱ्या बाजीरावांनी १८१८ साली सर जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली, तेव्हा त्यांना सालीना आठ लाख रुपयांचा तनखा ठरवून बिठूरला ठेवण्यात आले. जानेवारी १८५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कंपनी सरकारने तनखा बंद केला. दत्तक पुत्र नानासाहेब, मूळ कर्जतजवळच्या वेणगावच्या भट घराण्यातले, यांनी अर्ज केले आणि आपले वकील अजीमुल्ला खान यांना लंडनला पाठवले, पण उपयोग झाला नाही. वडिलांचा तनखा मुलाला नाकारला जाणे हा सूरत खानाच्या वैराचा आरंभही हाच आहे.

त्यापुढे चुकोटी पाहावे. जून १८५७ मध्ये कानपूरला जनरल व्हीलर यांची शिबंदी वेढ्यात अडकली. अलाहाबादपर्यंत सुखरूप जाण्याच्या आश्वासनावर ती शरण आली, आणि २७ जून रोजी सतीचौरा घाटावर नावांत चढत असताना तिच्यावर गोळीबार झाला. वाचलेल्या स्त्रिया आणि मुले बीबीघरात ठेवली गेली आणि जुलैच्या मध्यास त्यांचीही हत्या झाली. वेढा, वचन, नदी, नावा आणि विश्वासघात अशी चुकोटीच्या प्रसंगाची मांडणी जशीच्या तशी कानपूरची आहे, फक्त गंगा आणि घाट यांच्या जागी सरहद्दीचा डोंगराळ मुलूख आला आहे. घाटावरच्या प्रसंगात नानासाहेबांचा स्वतःचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. चित्रपटात मात्र सूरत खानाच्या दोषाबद्दल तिळमात्र शंका ठेवलेली नाही. कानपूर परत घेतल्यावर ब्रिटिशांनी घेतलेला सूड चित्रपटाच्या चौकटीत येतच नाही. कर्नल नील यांनी पकडलेल्या माणसांना फाशीपूर्वी बीबीघरातील रक्त चाटायला लावले, हे ब्रिटिश कागदपत्रांतूनच आपल्याला ठाऊक आहे. सूड ही या चित्रपटाची मध्यवर्ती प्रेरणा असताना हा खरा सूड वगळला जावा, याची नोंद वहीत अवश्य करावी.

येथे कालानुक्रमाचा एक सरळ तक्ता तयार करावा. एका बाजूला चित्रपटाचा क्रम: आधी हिंदुस्थानातली कत्तल, मग क्रिमियातला हल्ला. दुसऱ्या बाजूला इतिहासाचा क्रम: आधी १८५४ चे बालाक्लाव्हा, मग १८५७ चे कानपूर. चित्रपटाने तीन वर्षे मागेपुढे केली, एवढेच म्हणून थांबू नये, कारण क्रम उलटला की कारण आणि परिणाम यांचीही अदलाबदल होते. चित्रपटात हिंदुस्थानने केलेल्या अपराधाची किंमत ब्रिटिश स्वार क्रिमियात मोजतात. प्रत्यक्षात क्रिमियात लढलेली माणसे आणि पलटणी तेथून हिंदुस्थानात आल्या, आणि येथील माणसांनी त्याची किंमत मोजली.

हे वाक्य अतिशयोक्त वाटेल, म्हणून तक्त्यात नावे भरून पाहावीत. बालाक्लाव्हाच्या सकाळी त्र्याण्णवाव्या हायलँडर्सना दोन रांगांत उभे करून रशियन घोडदळ परतवणारे सर कॉलिन कॅम्बेल १८५७ मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती झाले, आणि डिसेंबर १८५७ मध्ये त्यांनी कानपूरला तात्या टोपे यांचा पराभव केला. सर ह्यू रोझ हे क्रिमियात फ्रेंच सेनापतींच्या छावणीत ब्रिटिश प्रतिनिधी होते. तेच पुढे झाशी आणि काल्पीवर चालून आले. हलक्या घोडदळातील सतरावे लान्सर्स १८५८ साली मध्य हिंदुस्थानात तात्या टोपे यांच्या पाठलागावर होते. त्याच घोडदळातील आठव्या हुसार्सनी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे जो हल्ला केला, त्या लढाईत झाशीच्या राणी लक्ष्मीबाई पडल्या. बालाक्लाव्हाच्या दरीत उतरलेली पलटण आणि राणीच्या शेवटच्या लढाईतली पलटण एकच आहे, ही गोष्ट चित्रपट पाहून सुचणे अशक्य आहे. किंबहुना, चित्रपटाच्या क्रमात ती बसूच शकत नाही.

सूरत खान क्रिमियात जातो, हा चित्रपटातील सर्वांत अविश्वसनीय वाटणारा भाग. पण बिठूरचा माणूस खरोखरच क्रिमियात गेला होता. लंडनहून निराश होऊन परतताना अजीमुल्ला खान कॉन्स्टँटिनोपलमार्गे १८५५ च्या उन्हाळ्यात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यापर्यंत पोहोचले आणि 'द टाइम्स'चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांना भेटले. इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही मागे रेटणारे रशियन कसे आहेत, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. रसेल यांनी पुढे हिंदुस्थानातील आपल्या रोजनिशीत ही भेट नोंदवली आहे. अजीमुल्ला हातात भाला घेऊन कोणाशी लढले नाहीत. त्यांनी खंदक पाहिले, अजिंक्य समजल्या जाणाऱ्या फौजेची दैना पाहिली आणि ते परतले. नाट्य म्हणून पाहिले तरी मला हा प्रवास सूरत खानाच्या प्रवासापेक्षा सरस वाटतो.

शेवटची दहा मिनिटे: आवाज बंद करून एकदा

हल्ल्याचा प्रवेश तीनदा पाहण्याजोगा आहे: एकदा नेहमीप्रमाणे, एकदा आवाज बंद करून आणि एकदा फक्त घोड्यांकडे लक्ष ठेवून.

आवाज बंद केला की संकलनाचे गणित उघडे पडते. घोडदळ आधी संथ चालीने निघते, मग दुडक्या चालीने आणि अखेरीस भरधाव. त्याबरोबर दृश्यांची लांबी कमी होत जाते, कॅमेरा घोड्यांबरोबर धावू लागतो, आणि विस्तीर्ण दृश्यांच्या मध्ये भाले, खूर आणि चेहरे यांचे तुकडे पेरले जातात. चालीचा हा चढता क्रम खरा आहे. कार्डिगन यांनीही घोडे दमू नयेत म्हणून सुरुवातीला वेग आवरून धरला होता. खरे ते वापरून खोटे पटवण्याची ही उत्तम कारागिरी आहे. आवाज पुन्हा सुरू केला की स्टायनर यांचे संगीत काय काम करते, ते लगेच जाणवते. हा भाग प्रामुख्याने बी. रीव्हज ईसन यांच्या दुसऱ्या पथकाने चित्रित केला, आणि जॅक सलिव्हन यांना साहाय्यक दिग्दर्शकासाठीचे ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार त्या काळी दिला जात असे.

तिसऱ्या खेपेला घोडे पाहावेत, आणि हे पाहणे सुखाचे नाही. कोसळणारे बरेच घोडे अभिनय करत नाहीत. धावत्या घोड्याचे पाय तारेने ओढून त्याला पाडण्याची तेव्हाची रीत येथे सर्रास वापरली गेली, आणि त्यात कित्येक घोडे मेले किंवा जायबंदी झाल्यामुळे मारून टाकावे लागले. एका स्टंट करणाऱ्या माणसाचाही जीव गेला. खुद्द फ्लिन या प्रकाराने संतापले होते. अशा प्रकारांविरुद्ध वाढत गेलेल्या क्षोभातूनच १९४० पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेची चित्रीकरणावर देखरेख सुरू झाली. बिनस्वारांचे घोडे मागवताना कर्टिझ यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत 'रिकामे घोडे आणा' असे फर्मावले, आणि चित्रपटातील एक नट डेव्हिड निव्हन यांनी ते शब्द पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव म्हणून दिले. किस्सा मजेदार आहे, पण ते घोडे रिकामे कसे झाले, हे लक्षात ठेवून तो सांगावा.

एल्सा, जेफ्री आणि पेरी यांच्या प्रेमत्रिकोणावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मोठ्या भावाला मरायला मोकळे करणे, एवढेच त्याचे काम आहे, आणि ते तो चोख बजावतो.

हिंदी पात्रांकडे मात्र एकदा स्वतंत्रपणे पाहावे. सूरत खान सी. हेन्री गॉर्डन, सुभेदार-मेजर पूरण सिंग जे. कॅरोल नेश आणि छोटा प्रेमा सिंग स्कॉटी बेकेट. तिघेही अमेरिकन नट, रंग फासून उभे केलेले. विश्वासघातकी संस्थानिक आणि स्वामिनिष्ठ सुभेदार याखेरीज तिसऱ्या हिंदी माणसाला चित्रपटात फारशी जागा नाही. हिंदुस्थानात अशा चित्रपटांवर राग धुमसत होता. १९३८ साली 'द ड्रम' या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली, आणि बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने परदेशी चित्रपटांतील हिंदुस्थानच्या विटंबनेविरुद्ध सातत्याने लिहिले.

यानंतर काय वाचावे आणि पाहावे

टोनी रिचर्डसन यांनी १९६८ साली त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यात हिंदुस्थान नाही, सूड नाही. लुकन, कार्डिगन (ट्रेव्हर हॉवर्ड), रॅगलन (जॉन गिलगुड) आणि नोलन (डेव्हिड हेमिंग्ज) आपापल्या मूर्खपणासह हजर आहेत. तो पाहतानाही तोच प्रश्न विचारावा. १९३६ ने त्याग पुरवला, १९६८ ने उपहास पुरवला; युद्धाविषयी आणि सरदारशाहीविषयी साठच्या दशकातील चीड त्यात उतरली आहे. म्हणून दुसरा चित्रपट खरा आणि पहिला खोटा, असा सोपा निवाडा करू नये. मात्र टेबलावरील काड्या आणि काडेपेट्यांचा घोटाळा समजून घ्यायचा असेल, तर १९६८ चा चित्रपट अधिक उपयोगी आहे.

वाचनासाठी रसेल यांचे १४ नोव्हेंबर १८५४ रोजी 'द टाइम्स'मध्ये छापलेले वार्तापत्र आणि टेनिसन यांची कविता एकापाठोपाठ वाचावी. १८५७ च्या बाजूसाठी मराठीत विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हाताशी असावे. वरसईहून उत्तरेत गेलेल्या या भिक्षुकाने झाशीचा पाडाव आतून पाहिला होता, आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी तो वृत्तांत छापला. रोझ यांची फौज शहरात शिरल्यानंतरच्या दिवसांचे त्यातले वर्णन चुकोटीच्या प्रसंगानंतर वाचले, तर चौकटीबाहेर काय राहिले होते, ते कळते.

चित्रपट मंडळात किंवा महाविद्यालयात दाखवायचा असेल, तर दोन बैठका ठेवाव्यात. पहिलीत टेबलाचा प्रयोग पंधरा मिनिटांत उरकून १९३६ चा चित्रपट सलग दाखवावा आणि चर्चा टाळावी. दुसऱ्या बैठकीआधी हुकुमाचा मजकूर, कवितेचा दुसरा चरण आणि दोन क्रमांचा तक्ता एका पानावर छापून वाटावा, मग चुकोटीचा प्रसंग आणि शेवटचा हल्ला एवढेच दोन भाग पुन्हा लावावेत. घोडे पडण्याच्या दृश्यांची पूर्वसूचना द्यावी. विशेषतः लहान मुले असतील, तर हल्ल्याचा मधला भाग वगळून शेवटावर यावे.